डोक्यावरची जागा

शटर अर्ध्यावर ओढून
रात्री साडेनवाला मी संगणकापुढं बसतो.
बाहेर गणपती पेठेत भडंगवाला पत्र्याचे डबे आवरतोय,
आणि आत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी,
मी महिरपी कंस शिकतोय.

एक उघडला की एक मिटायचा.
शेजारच्या झेरॉक्सवाल्या बागवानांची तहसीन शिकवते,
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
"काका, ओळ संपली की अर्धविराम.
विसरलात तर पुढची ओळ ऐकणारच नाही ते."
मी विसरतो.
ते ऐकत नाही.
मग बोट ठेवून एकेक ओळ उतरत यायचं,
तांदूळ निवडावेत तसं.

मार्जिन म्हणजे समास, हे लगेच कळलं.
कुंभारबाईंनी वहीवर पट्टी आपटून शिकवलेलं:
डावीकडं दोन बोटं सोड, तिथं मी लिहिणार.
पॅडिंग मात्र दोनदा विचारावं लागलं.
तहसीन म्हणाली, मार्जिन म्हणजे दोन घरांमधली बोळ,
पॅडिंग म्हणजे भिंत आणि कॉट यांच्यातली जागा.
अगं, हे तर आमचे वडील करायचे!
फोटोभोवती पांढरा माउंट, त्याभोवती सोनेरी पट्टी,
आणि खिळा कुठं ठोकायचा ते निराळंच.
कोपरे गोल करायला त्यांच्याकडं पितळी यंत्र होतं,
पुराच्या साली गेलं, निगेटिव्हच्या चौदा पेट्यांसोबत.
आता मी लिहितो: बॉर्डर रेडियस, आठ पिक्सेल.
कोपरा तसाच वळतो.
खटका तेवढा वाजत नाही.

रंगाला चार रात्री गेल्या.
मला पिवळा नको होता. हळद हवी होती,
ओली नव्हे, शिजवून वाळवून पॉलिश केलेली,
सौद्याच्या दिवशी ढिगातून मूठभर उचलली की
तळहाताच्या रेषांत जाऊन बसते ती.
नावानं मागितलं तर 'गोल्ड' मिळतं,
लग्नपत्रिकेवरचं.
शेवटी एक हळकुंड मोडून दिव्याखाली ठेवलं
आणि आकडे हलवत राहिलो:
हॅश, डी नऊ नऊ, ए एक शून्य.
पडद्याला टेकवून धरलं तेव्हा
दोघांत कुणी परकं वाटलं नाही.

सोमवारी पान चालू झालं.
यार्डात निंगाप्पाला त्याच्याच मोबाईलवर दाखवलं.
तीन वर्षं मी त्याचे फोटो काढतोय,
पाठीवर पोतं, फळीवरून ट्रकात चढताना.
त्यानं अंगठ्यानं वर सरकवलं, खाली सरकवलं.
"चौगुले, माझं डोसकं कुटं गेलं ओ?"

सगळी चित्रं एका मापात बसावीत म्हणून
मीच सांगितलं होतं, चौकट भरून टाक.
चौकट भरली. उरलं ते कापलं.
मानेच्या वर निंगाप्पा नव्हता,
मलकारी नव्हता, दोघे कदम भाऊ नव्हते.
पोती तेवढी मधोमध, नीट, एका रांगेत.

वडील मनगटात, गुडघ्यात माणूस कापू द्यायचे नाहीत.
डोक्यावर चार बोटं हवा ठेव म्हणायचे,
उद्या त्याला टोपी घालावीशी वाटली तर?

त्या रात्री तहसीनला हाक मारली नाही.
शोधून शोधून एक ओळ मिळाली,
चित्र कुठून धरायचं ते सांगणारी. वरून. अर्धविराम.
डोकी परत आली, पण फळीवरचे पाय गेले.
मग मापच खोडलं.
चित्रं लहानमोठी झाली, रांग मोडली,
एकाखाली हातभर पिवळं, एकाखाली चिमूटभर.
मोडू दे.

बुधवारी निंगाप्पानं दोन बोटांनी फोटो ताणला.
चेहऱ्यापाशी थांबला नाही.
पोत्यावरचा शिक्का वाचला, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन.
"ह्यो तासगाववाला नव्हं?" म्हणाला,
"ह्याच्याकडची हमाली ऱ्हायलीया अजून."